‘पण’च्या अलीकडचे वाक्य

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

वय ५२. दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहाय्यक. १९९८ साली नोकरीला लागलो. पुढच्याच वर्षी पुण्यातील एका खासगी कंपनीकडून बोलावणे आले होते, परंतु त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी गावी राहिलो. धाकटा भाऊ पुण्याला गेला. आज बाणेरला त्याचा साडेअकराशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे, मुलगा जर्मनीत शिकतो. माझे तीन खोल्यांचे जुने घर आहे, त्याचे कर्ज फिटले आहे. मुलीला नुकतीच नोकरी लागली. कार्यालयात माझ्या मागून लागलेल्या दोघांना पदोन्नती मिळाली, मला मिळाली नाही. ज्येष्ठता यादीत माझा क्रमांक चुकला आहे असे मला वाटते. दर गणपतीला भाऊ कुटुंबासह गावी येतो आणि तो गेल्यावर पंधरा दिवस माझे कशात लक्ष लागत नाही. पत्नी स्वभावाने समाधानी आहे. ती म्हणते, ‘आपल्याला काय कमी आहे? तुमची नजरच वाकडी.’ मेहुणे रोज सकाळी सुविचार पाठवतात आणि दृष्टिकोन बदला म्हणतात. त्याने माझा राग वाढतो. सुख खरोखरच मानण्यावर असते का? असेल, तर मला ते मानता का येत नाही? आणि मानून घेणे म्हणजे हरलेल्याने आपली हार झाकणे नव्हे का? हल्ली पहाटे तीनला जाग येते आणि हाच हिशेब सुरू होतो.

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमचे सहा पानी पत्र मी तीनदा वाचले. पहिल्यांदा मजकुरासाठी, दुसऱ्यांदा त्यातील माणसांसाठी आणि तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन केवळ एका शब्दासाठी. तो शब्द म्हणजे ‘पण’. सहा पानांत तो ४१ वेळा आला आहे. तिसऱ्या पानावरील एक वाक्य तुमच्याच शब्दांत इथे देते : ‘परवा रात्री वीज गेली म्हणून आम्ही तिघे गच्चीत जाऊन बसलो, मुलीने तिच्या ऑफिसातल्या गमती सांगितल्या, खूप दिवसांनी पोट धरून हसलो, पण भावाकडे इन्व्हर्टर आहे, त्यांना असला त्रास नाही.’

हे वाक्य वाचून मला आधी हसू आले आणि मग वाईट वाटले, कारण तुमच्या साऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच पडलेले आहे. त्या रात्री तुमच्या वाट्याला आलेले सुख मानून घ्यावे लागलेले नव्हते. ते खरोखरच आले होते, तुम्ही ते भोगले होते आणि कोणी सुविचार पाठवण्याची वाट न पाहता तुम्ही हसलाही होता. परंतु ते कागदावर उतरवताना तुम्ही त्याच्यापुढे एक ‘पण’ ठेवलात आणि गच्चीवरून उठून थेट बाणेरला जाऊन बसलात.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. भावाचा फ्लॅट किती चौरस फुटांचा, गाडी कोणत्या वर्षी घेतली, मुलाच्या शिक्षणासाठी किती कर्ज काढले, हे सर्व तुम्ही नेमक्या आकड्यांनिशी लिहिले आहे. तुमच्या मुलीला पहिली नोकरी लागली ही बातमी मात्र अर्ध्या ओळीत आटोपली आहे. ती कोठे लागली, काय काम करते, पहिला पगार झाला त्या दिवशी घरी काय घडले, यातले एक अक्षर पत्रात नाही. गेली कित्येक वर्षे तुम्ही नोंदवह्या सांभाळता, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक असणारच की ज्या खात्याच्या नोंदी रोजच्या रोज होतात तेच खाते डोळ्यांपुढे राहते आणि ज्याच्या नोंदीच होत नाहीत ते शिल्लक असूनही नसल्यासारखे होते. तुमची नजर वाकडी आहे हे तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पटत नाही. नजर उत्तम आहे, किंबहुना फारच तीक्ष्ण आहे. ती एकाच वहीवर खिळलेली आहे, इतकेच.

आता ‘सुख मानण्यावर असते’ या वाक्याकडे वळू. त्यात एक खरा आणि एक खोटा भाग आहे, आणि सुविचार पाठवणारी माणसे बहुधा दोन्ही एकदम पाठवतात. आनंदी असणे हे काही अंशी जन्मजात ठेवणीवर अवलंबून असते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी जुळ्या भावंडांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९९६ साली असे मांडले की माणसामाणसांतील समाधानाच्या फरकाचा बराच मोठा भाग आनुवंशिकतेशी जोडलेला दिसतो, तर पैसा, शिक्षण किंवा लग्न यांनी त्यातला फारच थोडा भाग उलगडतो. याचा अर्थ असा की तुमच्या पत्नीचा शांतपणा ही संपूर्णपणे तिची कमाई नाही आणि तुमची बेचैनी हा संपूर्णपणे तुमचा गुन्हा नाही. ज्याला उन्हात लवकर चक्कर येते त्याला कोणी ‘मनावर घेऊ नकोस’ म्हणत नाही, टोपी घाल म्हणतात. परिस्थितीही खरी असते. उपाशी माणसाला, मार खाणाऱ्या बाईला किंवा पगार थकलेल्या कामगाराला दृष्टिकोन बदलायला सांगणे हा माझ्या मते निर्दयपणा आहे. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते ती मात्र आपल्या हातात असते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे ती लहान असली तरी राहण्यापुरती पुष्कळ असते. आपण लक्ष कोठे ठेवतो आणि मोजायला पट्टी कोणती वापरतो, ही ती जागा. दृष्टिकोन या भारदस्त शब्दाचा मला कळणारा अर्थ एवढाच आहे. तो चष्म्यासारखा एका दिवसात बदलता येत नाही, कारण ती सवय आहे, आणि सवय हळूहळू जाते.

परिस्थिती सुधारली की सुख आपोआप टिकेल, हे तुमचे गृहीतक तुमच्याच पत्राने खोडले आहे. सेवेची वीस वर्षे झाल्यावर आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पदोन्नती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी देणाऱ्या योजनेचा, दुसरा लाभ तुम्हाला मिळाला. त्याबद्दल तुम्ही लिहिता की थकबाकी खात्यावर जमा झाली तो महिना बरा गेला, नंतर पगार तो पगारच. यात तुमचे काही चुकले नाही. माणसाचे मन वाढीला फार लवकर सरावते. १९७८ साली अमेरिकेत लॉटरी लागलेली २२ माणसे आणि अपघाताने अपंगत्व आलेली २९ माणसे यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर असा फिरतो की वर्षभराने दोघेही सारखेच सुखी झाले. ते खरे नाही. अपघातग्रस्तांचे सुख इतरांपेक्षा कमीच होते, फक्त लोकांना वाटते तितके कमी नव्हते. मला त्यातले महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. लॉटरी लागलेल्यांना मित्राशी गप्पा मारणे, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद ऐकणे अशा रोजच्या गोष्टींतला आनंद इतरांपेक्षा कमी वाटू लागला होता. मोठे घबाड हाती लागल्यावर लहान सुखे त्याच्या उजेडात फिकी पडली. उद्या तुम्हाला बाणेरला फ्लॅट मिळाला तर गच्चीवरचे हसणे वाढेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

तरीही भावाचे सुख तुम्हाला इतके का बोचते? गावात त्याच्याहून श्रीमंत माणसे असतील, त्यांच्याविषयी तुमच्या पत्रात चकार शब्द नाही. याचे कारण बहुधा १९९९ मधील त्या बोलावण्यात आहे. बार्सिलोनाच्या १९९२ च्या ऑलिम्पिकमधील विजेत्यांचे चेहरे आवाज बंद करून लोकांना दाखवले गेले आणि प्रत्येकजण किती आनंदी दिसतो याला दहापैकी गुण द्यायला सांगितले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रौप्यपदक मिळवणारे कांस्यपदक मिळवणाऱ्यांपेक्षा कमी आनंदी दिसले. रौप्यवाल्याच्या डोळ्यांपुढे हुकलेले सुवर्ण असते. कांस्यवाल्याच्या डोळ्यांपुढे चौथा क्रमांक, म्हणजे रिकाम्या हाताने परतणे असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले होते आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा आपल्या भागाने त्यांची मिरवणूक काढली. पहिले दोन का आले नाहीत असे त्या गर्दीत कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. तुम्ही मात्र गेली पंचवीसहून अधिक वर्षे रौप्यपदकाच्या पायरीवर उभे आहात. जे कधी शक्यच नव्हते त्याचे माणसाला फारसे दुःख होत नाही. जे हाताला लागता लागता निसटले ते मात्र छळत राहते, आणि जे तुमच्या हातून निसटले ते भावाला मिळाले.

अशा पत्रांना उत्तर देताना एक सोपी वाट समोर असते, आणि मी ती मुद्दाम टाळते आहे. मला असे लिहिता आले असते की भावाच्या डोक्यावर हप्ते आहेत, त्याचा मुलगा परदेशात राहून जाईल, शिवाय तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधी सेवेत आल्यामुळे तुम्हाला जुन्या योजनेचे निवृत्तिवेतन मिळेल आणि त्याला खासगी नोकरीत ते नाही. हे शेवटचे वाचून तुम्हाला क्षणभर बरे वाटले का? वाटले असेल, तर सावध व्हा. तो गारवा त्याच पट्टीतून आला आहे. फक्त या खेपेला तुमची बाजू वर आली. जी पट्टी आज तुम्हाला वर दाखवते तीच येत्या गणपतीत खाली दाखवील. भाऊ सुखी असेल. असू दे. त्याच्या सुखाने तुमच्या तीन खोल्यांतली एकही वीट हललेली नाही.

या रोगातून मी सुटले आहे, असे समजू नका. मागच्या आठवड्यात मंडईतून मी वीस रुपयांना मेथीची जुडी आणली. कोवळी, ताजी, मुळांना ओली माती लागलेली. जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. त्यांनी तशीच जुडी पंधराला आणली होती. तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत माझ्या जुडीची पाने मला जून दिसू लागली. भाजी चांगलीच झाली होती असे घरचे म्हणाले, मला तिची चव आठवत नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो सर्वांत खरा आहे : मानून घेणे म्हणजे हार झाकणे नव्हे का? आपल्याकडे समाधान या शब्दाच्या नावाखाली बरेच काही खपवले गेले आहे. सासुरवाशिणीला समाधान मान म्हणतात, कमी मजुरी देऊन समाधान मान म्हणतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खर्चाच्या बाबतीत शहाणपणाची आहे. परंतु अंथरूण मुळात कोणी परस्पर कापून नेले असेल तर काय करावे, याविषयी ती गप्प आहे. म्हणून मी तुमच्या दुःखाचे दोन गठ्ठे करू इच्छिते. एका गठ्ठ्यात भावाचा फ्लॅट, त्याचा इन्व्हर्टर आणि १९९९ चे बोलावणे. यांवर आता कोणताही अर्ज चालत नाही; यांच्याकडे कसे पाहायचे एवढेच ठरवता येते. दुसऱ्या गठ्ठ्यात ज्येष्ठता यादी. तिचा दृष्टिकोनाशी काही संबंध नाही. ते प्रशासकीय काम आहे आणि ते तुम्ही केलेले नाही.

मला थोडे कठोर व्हावे लागेल. पत्रात तुम्ही या यादीविषयी दीड पान लिहिले आहे, परंतु लेखी हरकत घेतल्याचा उल्लेख एकदाही केलेला नाही. तात्पुरती यादी निघते, हरकतींसाठी मुदत दिली जाते, मग ती अंतिम होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. मग इतकी वर्षे का गेली? माझा एक अंदाज आहे, चुकला असेल तर क्षमा करा. तपासणी केली आणि क्रमांक बरोबर निघाला, तर मनात जपलेल्या अन्यायाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहील. अर्ज केला नाही तोवर अन्याय शाबूत राहतो. कुरकुर ही पुष्कळदा कृतीची जागा अडवून बसते. गंमत अशी की मेहुणे जे औषध देतात ते पहिल्या गठ्ठ्याचे आहे, आणि ते दुसऱ्या गठ्ठ्यावर चोळले जात असल्यामुळे तुम्हाला राग येतो. तो राग योग्य आहे.

पहिल्या गठ्ठ्यासाठी काय करता येईल? ‘पण’इतकेच लहान असे मराठीतले दुसरे एक अक्षर मला इथे उपयोगी पडते : ‘च’. माणसे घटनांनी अस्वस्थ होत नाहीत, घटनांविषयी त्यांनी केलेल्या मतांनी होतात, हे ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस याने दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास सांगितले. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात त्या पायावर विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभारली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली. एलिस यांचा भर इच्छा आणि हट्ट यांतील फरकावर होता. ‘मला पदोन्नती मिळावी’ ही इच्छा आहे. ती पुरी झाली नाही तर वाईट वाटते आणि ते रास्त आहे. ‘मला पदोन्नती मिळायलाच हवी होती’ हा हट्ट आहे. तो पुरा झाला नाही तर जगच आपल्याविरुद्ध उभे राहिल्यासारखे वाटते. तुमच्या पत्रातील वाक्ये घ्या. ‘भावाने बाबांसाठी मी काय केले ते ओळखायलाच हवे होते.’ यातला ‘च’ काढून वाक्य पुन्हा म्हणून पाहा. ‘भावाने ते ओळखायला हवे होते.’ दुःख तेवढेच राहते, पण त्याची धार जाते आणि पुढे काहीतरी करता येईल असे वाटू लागते. ही भाषेची कसरत वाटेल. पहाटे तीन वाजता मात्र आपल्याजवळ भाषेशिवाय दुसरे काहीच नसते.

दुसरा उपाय वहीचा. आठवड्यातून एकदा कृतज्ञतेच्या गोष्टी लिहून काढण्याचा एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. दहा आठवडे असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना, त्रासांची यादी करणाऱ्यांच्या तुलनेत, आपले आयुष्य अधिक बरे वाटले. परिणाम अफाट नव्हता आणि ‘कृतज्ञता’ या शब्दाने तुम्हाला मेहुण्यांची आठवण होईल, म्हणून मी तो जसाच्या तसा सुचवत नाही. तुम्ही रविवारी तीन वाक्ये लिहा. वाक्य बरे वाटलेल्या क्षणाचे असावे, त्यात भावाच्या फ्लॅटला दिलेला तपशील असावा आणि ‘पण’ येण्याआधी पूर्णविराम द्यावा. मुलीने गच्चीवर कोणती गंमत सांगितली? वारा कोणत्या बाजूचा होता? पत्नी हसताना काय म्हणाली? जे साडेअकराशे चौरस फुटांच्या नेमकेपणाने लिहिले जात नाही ते मनात राहत नाही, आणि तुमचा नेमकेपणा हीच तुमची ताकद आहे. ती मला घालवायची नाही, दुसऱ्या वहीत लावायची आहे. रोज मात्र लिहू नका. रोजचे झाले की त्याची हजेरीवही होते.

पत्नीविषयी एक विचारते. ती समाधानी आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. तिला कधी विचारलेत का? ‘आपल्याला काय कमी आहे’ हे वाक्य तृप्तीतून येते, तसे ते घरातली रोजची कुरकुर थांबावी म्हणूनही येते. दोन्ही असू शकेल. अनेक घरांत एकाने असमाधानी राहण्याचे काम घेतले की दुसऱ्याकडे समाधानी राहण्याचे काम आपोआप येते आणि मग त्या माणसाला आपली खंत बोलून दाखवायला जागाच उरत नाही. वडिलांच्या आजारपणाची ती वर्षे तुम्ही ‘मी काढली’ असे लिहिता; त्यांना वेळेवर भरवणे, कूस बदलून देणे, चादरी धुणे यात दुसरे हात किती होते? हा प्रश्न आरोप म्हणून विचारत नाही. सून म्हणून हे सारे केलेल्या ज्या वाचक भगिनी हे वाचत असतील, त्यांना तो लगेच कळेल.

आणि भाऊ. मला वाटते, तुम्हाला त्याचा फ्लॅट नको आहे. तुम्हाला त्याच्या तोंडून एक वाक्य हवे आहे, की दादा, तू थांबलास म्हणून मला जाता आले. ते वाक्य मागून मिळत नाही, आणि टोमण्यांनी तर मुळीच नाही. परंतु आपली बाजू सांगण्याला कोणाची हरकत नसते. येत्या गणपतीत विसर्जन आटोपल्यावर, निघायच्या गडबडीत नव्हे, त्याला ओट्यावर बसवून सांगा की बाबांची ती वर्षे कशी गेली ते तुला कधी नीट सांगितले नाही, आज सांगायचे आहे. फ्लॅटचा विषय काढू नका. बोलावणे आले होते हे सांगा. कदाचित त्याला ते माहीतही नसेल. तो काय उत्तर देईल ते मी सांगू शकत नाही. त्याला काहीच बोलता आले नाही, तरी तुमच्या मनातली गोष्ट पंचवीस वर्षांनी योग्य पत्त्यावर पोहोचलेली असेल.

तुमच्यासारखीच कुचंबणा सांगणारी पत्रे मला नेहमी येतात, आणि त्यांतली निम्मी तरी धाकट्या जावेविषयी, वर्गातल्या पहिल्या मुलीविषयी किंवा सोबत निवृत्त झालेल्या मित्राविषयी असतात. ती लिहिणाऱ्यांनीही आपल्या दुःखाचे असेच दोन गठ्ठे करून पाहावेत. सल्ला देणाऱ्यांनी, म्हणजे मेहुण्यांनी, सुविचार पाठवण्याआधी एवढेच विचारावे की याला ऐकून घेणारा हवा आहे की अर्ज लिहून देणारा.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नका. पहाटे तीनची जाग दोन आठवड्यांहून अधिक काळ चालू असेल, त्याबरोबर भूक मंदावली असेल, आवडीची कामे नकोशी झाली असतील किंवा जगण्याचाच कंटाळा येत असेल, तर तो दृष्टिकोनाचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, साखर आणि बी-१२ यांच्या तपासण्याही करून घ्या, कारण त्यांच्या बिघाडानेही मन आणि शरीर मरगळते. फोनवर बोलणे सोपे वाटत असेल तर केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. यात कमीपणा काही नाही. वडिलांच्या अर्धांगवायूला तुम्ही दृष्टिकोनाने बरे करायला गेला नव्हता.

राहता राहिला दुसरा गठ्ठा. सेवानिवृत्तीला तुमची सहा वर्षे उरली आहेत, म्हणजे वेळ अगदीच गेलेली नाही. सेवापुस्तकातील प्रथम नियुक्तीचा दिनांक, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद आणि मागच्या काही वर्षांच्या अंतिम याद्या समोर ठेवून आधी स्वतःच शांतपणे पडताळणी करा. कागद मिळत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क भरून प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. क्रमांक बरोबर निघाला, तर ते मान्य करणे जड जाईल, परंतु पहाटेच्या हिशेबातली एक मोठी रक्कम कायमची वजा होईल. चुकीचा निघाला, तर हरकतीचा अर्ज एका पानात लिहा. विलंबाची सबब तुमच्यापुढे केली जाईल, म्हणून विलंब का झाला ते आधीच अर्जात नमूद करा. भावनेचे शब्द घालू नका, दिनांक घाला. अर्ज आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. हे तुम्हाला शिकवण्याची गरज नाही, पण (हा ‘पण’ माझा) जन्मभर इतरांना पोच घ्यायला सांगणारी माणसे स्वतःच्या अर्जाच्या वेळी ओळखीवर विसंबतात आणि तशीच परत येतात, हे मी पाहिले आहे.